दिवटे आणि दिवटे यांचं अपील

वृषाली आणि गोरख दिवटे यांचा घटस्फोटाचा अर्ज न्यायालयाने फेटाळला, तेव्हा तिथल्या कारकुनाने दोघांचं अभिनंदन केलं. "त्र्याऐंशी," निकालाची प्रत देताना तो म्हणाला. "चार वर्षं इथे बसतोय. एवढा अंक कोणाचा आलेला नाही."

गोरखने सवयीने त्याचे आभार मानले. बाहेर पायरीवर आल्यावर आपण कशाचे आभार मानले हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो मान खाली घालून चालू लागला. येवल्याच्या बसमध्ये दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसली. वृषाली खिडकीतून कांद्याच्या चाळी मोजत राहिली.

दोघं पैठणी विणणारी. सतरा वर्षांचा संसार, त्यात ना मारझोड, ना तिसरं माणूस. गोरखला घर भरलेलं लागे. ओसरीवर चार माणसं बसलेली, टीव्ही चालू, गॅसवर चहाचं आधण कायम. कोपरगावला त्याची विधवा बहीण होती. तिला आणि तिच्या तीन पोरांना घरी आणावं असं त्याच्या मनात कधीचं होतं. वृषालीला मात्र काम संपलं की माणसाचा आवाजही नको असे. गेली सहा वर्षं ती माडीवर झोपत होती आणि आपलं आपण जेवत होती. एका सकाळी चहा पिताना तीच म्हणाली होती की असं किती दिवस रेटायचं. आणि गोरख कपातून वर न बघता म्हणाला होता की मलाही तेच विचारायचं होतं. तीन मिनिटांत ठरलं. मग सहा महिन्यांची मुदत थांबून झाली, समुपदेशकाकडे चार खेपा झाल्या. राहिली होती फक्त समतालाची चाचणी.

समताल हे यंत्र न्यायालयासाठी जन्माला आलं नव्हतं. हृदयाचा ठोका पडला की चेहऱ्याकडे रक्ताची बारीक लाट येते आणि कातडीचा रंग किंचित बदलतो. आपल्या डोळ्याला तो बदल दिसत नाही, चांगल्या कॅमेऱ्याला दिसतो. श्वासाबरोबर खांदे वरखाली होतात, तेही कॅमेरा टिपतो. म्हणजे अंगाला एकही तार न लावता माणसाची नाडी आणि श्वास मोजता येतात. अपुऱ्या दिवसांचं बाळ आईच्या छातीवर ठेवलं की दोघांचे श्वास हळूहळू एका चालीवर येतात, ते मोजायला हे यंत्र केलं गेलं. मग कोणीतरी ते नवराबायकोंवर रोखलं. वर्षानुवर्षं एकत्र काढलेल्या जोडप्यात एकाची नाडी वाढली की सेकंद-दोन सेकंदांत दुसऱ्याचीही वाढते. एकाचा श्वास लांबला की दुसऱ्याचाही लांबतो. दोन्ही लाटा किती वेळ जोडीने चालल्या ते पाहून यंत्र शंभरापैकी अंक देतं. एका पाहणीत असंही दिसलं, की वेगळ्या झालेल्या जोडप्यांपैकी ज्यांचा अंक मोठा होता ती पुष्कळदा परत एकत्र आली.

तेवढं पुरलं. वधूवर सूचक मंडळांनी यंत्र उचललं, कांदेपोह्यांच्या बशांशेजारी समतालाचा फोन उभा करून ठेवायची पद्धत पडली. आणि मग घटस्फोटाच्या नियमांत एक कलम आलं: अंक साठच्या वर गेला तर संसार मोडलेला नाही असं धरायचं. जोडप्याने दीड वर्ष एका छपराखाली राहायचं आणि मगच पुन्हा अर्ज करायचा.

दीड वर्ष. वृषालीने वरच्या गल्लीत दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. गोरखच्या बहिणीने कोपरगावच्या शाळेतून मुलांचे दाखलेही काढले होते.

येवल्यात शमीम पिंजारी नावाच्या वकीलबाई होत्या. पन्नाशीच्या, मुख्यतः जमिनीचे दावे लढवणाऱ्या. त्यांचं ऑफिस पिठाच्या गिरणीच्या वर होतं, त्यामुळे फायलींवर कायम पिठाचा हलका थर असे. गिरणी सुरू झाली की बाई आवाज चढवत, आणि बंद झाली तरी उतरवत नसत. त्यांनी निकाल दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"अपिलात एक बाजू लागते आणि एक विरुद्ध बाजू," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं तर एकाच बाजूला. मग भांडायचं कोणाशी?"

"यंत्राशी," वृषाली म्हणाली.

बाईंना हे उत्तर आवडलं. त्यांनी अर्जावर ठळक अक्षरांत 'दिवटे आणि दिवटे' असं लिहिलं आणि विरुद्ध पक्षाच्या जागी, नियम सरकारचा म्हणून, सरकारचं नाव घातलं.

अपील दाखल झालं, तारीख पडली आणि गोरखच्या डोक्यात एक कल्पना आली. त्याने कुठेतरी वाचलं होतं की मनातल्या मनात शंभरापासून सात-सात वजा करत गेलं, मधेच श्वास रोखला, की यंत्र फसतं. पुन्हा चाचणी घ्यायला लावायची आणि अंक पाडायचा. वधूवर मंडळातल्या एका ओळखीच्या माणसाकडून त्याने समतालाचा फोन मागून आणला आणि स्वयंपाकघरात डब्याला टेकवून उभा केला. ठरलं असं, की गोरखने श्वास रोखायचा तेव्हा वृषालीने सोडायचा. पण कधी रोखायचा ते कळायला एकमेकांकडे बघावं लागे, आणि बघितलं की दोघंही एकदमच रोखत. पाच मिनिटांनी फोनवर आकडा उमटला: शहाऐंशी.

वृषालीला हसू फुटलं. तिने पदर तोंडाला लावला, पण ते थांबेना. मग गोरखही हसू लागला, आणि हसता हसता म्हणाला की ह्याच्यापेक्षा नापास होणं सोपं होतं शाळेत.

हे ऐकून वकीलबाई मात्र चिडल्या. खोटं सिद्ध करायला आपल्याला कोणी बोलावलेलं नाही, असं त्यांनी गिरणीच्या वरताण आवाजात सुनावलं. तुमचा संसार मोडलाय हे खरं असेल, तर यंत्राला जे सापडलं ते दुसरंच काहीतरी असलं पाहिजे. ते काय ते शोधा. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्या स्वतःच दिवट्यांच्या घरी येऊन मागासमोर स्टुलावर बसल्या.

पदर विणायचं काम चाललं होतं. पैठणीचा पदर भरगच्च असतो. रेशमाच्या रंगीत धाग्यांच्या छोट्या छोट्या गुंडाळ्या, ज्यांना विणकर तिल्ल्या म्हणतात, त्या एकेक करून ताण्याच्या उभ्या धाग्यांत फिरवाव्या लागतात. म्हणून पदराला दोन माणसं शेजारी शेजारी बसतात. उजवीकडे वृषाली, डावीकडे गोरख. खांद्याला खांदा, दोघांची नजर समोर. तिचा हात मोराच्या मानेवरून गेला की त्याचा पंखावरून जाई. पायाखालची फळी तो दाबी त्याच क्षणी ती फणी ओढी. तासाभरात दोघं एक शब्दही बोलली नाहीत.

"कोर्टात चाचणीला कसे बसला होतात?" बाईंनी विचारलं.

"बाकावर," गोरख म्हणाला. "असंच. ही उजवीकडे, मी डावीकडे."

"बोललात काही?"

"बोलायचं नाही असं सांगितलं होतं. वीस मिनिटं समोर बघायचं."

शमीमबाई उठल्या. "त्यांनी तुमचा संसार मोजलाच नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "त्यांनी तुमचा माग मोजला."

आता पुरावा हवा होता, आणि तो वृषालीने शोधला. मागच्या आळीत मुरलीधर आणि बन्सीधर क्षीरसागर हे दोघे भाऊ एकाच मागावर बसत. घराच्या मधल्या भिंतीवरून त्यांचं बिनसलं होतं आणि नऊ वर्षं ते एकमेकांशी बोललेले नव्हते. तिल्ली हवी असली तर समोरच्या भिंतीला सांगत. वृषाली दोघांना वेगवेगळं जाऊन भेटली. दोघेही चाचणीला तयार झाले, पण मी हो म्हटलंय हे त्याला सांगू नका, अशी अट दोघांनीही घातली. अंक आला एकोणऐंशी. ऐंशीला एक कमी पडला तो त्याच्यामुळे, असं मुरलीधरने भिंतीला सांगितलं.

सुनावणी नाशकात, नव्याने सुरू झालेल्या कौटुंबिक अपील न्यायपीठापुढे होती. बाहेरच्या व्हरांड्यात शमीमबाईंनी दोघांना बाजूला घेतलं. समोरासमोर बसवून, बोलायला लावून चाचणी घ्या, अशी मागणी त्या करणार होत्या. "पण मग तुम्हाला बोलावं लागेल," त्या म्हणाल्या. "भाजी काय आणायची ते नको. जे आजवर बोलला नाहीत ते."

गोरख म्हणाला, बघू काहीतरी. वृषालीला मात्र काय बोलायला हवं ते त्याच क्षणी कळलं होतं. नको म्हणावं, असं तिला वाटलं. भावांचा पुरावा होता, कदाचित तेवढ्यावर निभावलं असतं. नाहीतर दीड वर्ष काय, निघून गेलं असतं. ती व्हरांड्याच्या कठड्याला धरून थोडा वेळ उभी राहिली. मग वकीलबाईंकडे वळून म्हणाली, "मागा."

न्यायमूर्ती गोडांबे या ज्येष्ठ बाई मधोमध बसल्या होत्या, शेजारी एक तरुण न्यायमूर्ती. सरकारी वकिलांनी पाहणीचे आकडे वाचले: इतकी जोडपी, इतकी परत आली, नियमाने इतके संसार वाचले. शमीमबाईंनी क्षीरसागर बंधूंचा अहवाल पुढे केला. न्यायमूर्तींनी तो वाचला, ओठ घट्ट मिटले आणि शेजाऱ्यांकडे सरकवला. तरुण न्यायमूर्तींना खोकल्याची उबळ आली.

मग समताल यंत्र तयार करणाऱ्या डॉ. इंदुमती काळसेकर यांची साक्ष झाली. त्या म्हणाल्या, यंत्र एवढंच सांगतं की दोन शरीरांना एकमेकांची चाल पाठ झालेली आहे. ती आईबाळाला पाठ होते, समूहगायकांना होते, होडी वल्हवणाऱ्यांनाही होते. "त्या दोघांना एकत्र राहायचंय का, हे त्याला कळत नाही. ते कळायला त्यांना विचारावं लागतं."

न्यायमूर्तींनी चाचणीची मागणी मान्य केली. दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. भिंतीवरच्या पडद्यावर दोन रेघा धावू लागल्या, एक हिरवी, एक पिवळी. दहा मिनिटं, हवं ते बोला, असं सांगण्यात आलं. पहिलं मिनिट कोणीच बोललं नाही, आणि दोन्ही रेघा हातात हात घातल्यासारख्या चालत राहिल्या.

वृषालीने मांडीवरच्या आपल्या हातांकडे पाहिलं.

"पाचव्या महिन्यात गेलं ते," ती म्हणाली. "सोमवारी. आणि गुरुवारी आपण मागावर बसलो. अकरा वर्षं झाली. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत."

गोरखला वाटलं होतं टीव्हीचा विषय निघेल, नाहीतर बहिणीचा. "तूपण नाही बोललीस."

"मला वाटलं, तुम्हाला काही वाटलंच नाही."

तो म्हणाला, "त्या पदरावरच्या शेवटच्या मोराला मी डोळा विणला नव्हता. मुद्दाम. म्हटलं, तुझ्या लक्षात येईल, तू विचारशील. मग सांगेन."

"आलं होतं लक्षात."

"मग?"

"तुम्ही जेवायला उठलात तेव्हा मी सुईने भरला. मला वाटलं, चुकून राहिलाय. कोणी तुम्हाला नावं ठेवायला नकोत म्हणून भरला."

"आणि मी साडी मागावरून उतरवताना बघितलं तर डोळा होता," तो म्हणाला. "म्हटलं, हिला पुढे जायचंय. आपण कशाला विषय काढा."

वृषालीच्या डोळ्यांतून पाणी आलं. गोरखने बाहीने नाक पुसलं. मग कोणाला आधी हसू आलं ते कळलं नाही, पण दोघं रडता रडता हसत होती, आणि मग एकदमच, एकमेकांचं तोडत बोलू लागली: डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या, येताना रिक्षात तो पुढे का बसला, ती माहेरी का गेली नाही. दहा मिनिटं संपली तरी थांबली नाहीत. न्यायमूर्तींनीच हाताने खूण करून शिरस्तेदाराला आणखी थोडं थांबायला सांगितलं.

पडद्यावरच्या रेघा तोवर कुठल्या कुठे गेल्या होत्या. एक चढत होती तर दुसरी घसरत होती, एक तुटक तर दुसरी सलग. अंक आला एकोणीस.

न्यायमूर्तींनी डॉ. काळसेकरांना कारण विचारलं. त्या म्हणाल्या, पाठ असलेल्या गोष्टीलाच ताल असतो. माहीत नसलेलं काही ऐकलं की शरीर आपापल्या वाटेने धावतं.

सरकारी वकील उठले. अंक साठच्या खाली आल्याने आपली हरकत उरली नाही, असं त्यांनी सांगितलं. अपील तिथेच जिंकलं होतं. शमीमबाई खाली बसल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्या उभ्याच राहिल्या.

"मला हा एकोणीस नको," त्या म्हणाल्या. "हे दोघं अकरा वर्षं गप्प होते, तेव्हा यंत्राने त्यांना त्र्याऐंशी दिले. आज पहिल्यांदा मनातलं बोलले, तर एकोणीस. पहिला आकडा खोटा होता म्हणून मी अपिलात आले. दुसरा माझ्या सोयीचा आहे म्हणून तो खरा कसा म्हणू?"

न्यायमूर्ती गोडांबे यांनी लेखणी खाली ठेवली आणि दोघांकडे पाहिलं. "आत्ता जे बोललात, त्यानंतरही तुमचा अर्ज कायम आहे का? घाई नाही. विचार करून सांगा."

वृषालीने खरंच विचार केला. समोरचा माणूस तिला गेल्या अकरा वर्षांत आवडला नव्हता इतका या घडीला आवडत होता. आणि वरच्या गल्लीतल्या त्या दोन खोल्या, तिथली रिकामी खिडकी, दार लावून घेतल्यावरची शांतता, तीही तिला तेवढीच हवी होती. एकामुळे दुसरं खोटं ठरत नव्हतं.

"कायम आहे," ती म्हणाली.

"माझाही," गोरख म्हणाला. "फक्त माग एकच ठेवायचाय. कोर्टाची हरकत नसेल तर."

मागाचा विषय या न्यायालयाच्या कक्षेत येत नाही, असं न्यायमूर्तींनी गंभीरपणे सांगितलं.

तीन आठवड्यांनी निकाल आला. आधीचा हुकूम रद्द झाला, घटस्फोट मंजूर झाला. समतालाचा अंक न्यायालयाने हवा तर वाचावा, पण त्यावरून कोणाला थांबवू नये, असं त्यात म्हटलं होतं. शमीमबाईंनी एका वाक्याखाली लाल रेघ ओढली आणि ते गिरणीच्या आवाजावर दोघांना वाचून दाखवलं: 'दोन सज्ञान माणसं विचारपूर्वक एकच गोष्ट मागत असताना त्यांच्या नाड्यांना तिसरा पक्षकार करता येणार नाही.' आपल्या तीस वर्षांच्या वकिलीत नवरा आणि बायको दोघांनीही येऊन धन्यवाद द्यावेत असा खटला पहिलाच, असं म्हणून त्यांनी खालून गरम भजी मागवली.

वृषाली त्याच आठवड्यात दोन खोल्यांत राहायला गेली. गोरखची बहीण सिंधू मुलांना घेऊन आली आणि घर बाजारासारखं गजबजलं. नऊला कामावर यायचं, पाचला जायचं, असं वृषालीने ठरवलं होतं. सोमवारी नऊला ती आली. सिंधूने चहा विचारला, धाकट्या पोरीने मागाखाली लपून तिच्या पायाला गुदगुल्या केल्या. गोरख आधीच आपल्या जागी बसला होता.

तासभर काम नीट चाललं. मग तिला हिरवी तिल्ली हवी झाली. ती त्याच्या बाजूला पडली होती. "अहो" तिच्या ओठांवर आलं आणि तिथेच अडलं. ते आता लागू नव्हतं. 'दिवटे' म्हणावं तर ती स्वतःही कागदोपत्री अजून दिवटेच होती. 'भाऊ' म्हणणं तर शक्यच नव्हतं. ती तशीच हात थांबवून बसली.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"गोरख," ती म्हणाली. सतरा वर्षांत हे नाव तिने त्याच्यासमोर कधी घेतलं नव्हतं. "ती हिरवी तिल्ली दे."

त्याच्या पायाखालची फळी अर्धवट दाबली गेली आणि दोन धागे तुटले. कान लाल झालेला तो तिच्याकडे वळला आणि म्हणाला, "पुन्हा म्हण बघू."

तिने पुन्हा म्हटलं. तिल्ली मिळाली. पण त्या दिवशी काम काही पुढे सरकलं नाही. पाच वाजेपर्यंत जेमतेम दोन बोटं पदर विणून झाला, तोही वाकडा, कारण दोघं दिवसभर बोलत होती.